गजरी तुरीवरचा आरोप

मोझांबिक या देशाविषयी जबलपूरच्या विजय नगरातील किराणा दुकानापासून लातूर-अकोल्याच्या डाळबाजारापर्यंत एक मत इतके रुळलेले आहे की त्याला पुरावा विचारावा असे सहसा कोणाला वाटत नाही. मत थोडक्यात असे, की आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा हा देश निसर्गानेच दरिद्री ठेवलेला आहे, तेथील शेतकऱ्याला शेतीचा म्हणून काही खर्च येत नाही, आणि म्हणून तो कवडीमोल भावाने भारतात तूर लोटून नरसिंहपूर, यवतमाळ आणि लातूरच्या शेतकऱ्याचे कंबरडे मोडतो. त्याचे आपले नाते काय ते गिऱ्हाइकाचे, आणि तेही उपकार म्हणून. या मतामागे भारतीय शेतकऱ्याची जी व्यथा आहे ती शंभर टक्के खरी आहे. पण त्या व्यथेचा गुन्हेगार म्हणून ज्याला उभे केले जाते तो तितकाच नाडलेला आहे, आणि ‘परका’ व ‘निसर्गतः दरिद्री’ ही दोन विशेषणे त्या देशाच्या भूगोलावर आणि इतिहासावर सरळ अन्याय करणारी आहेत.

प्रथम तुरीचेच घ्यावे. घाऊक बाजारात आयात तुरीला तिच्या मुलखावरून किंवा रंगावरून नावे पडलेली आहेत: ब्रह्मदेशाची ती ‘लेमन’, टांझानियातील म्त्वारा बंदराच्या बाजूची ती ‘मटवारा’, आणि मोझांबिकची तांबूस दाण्याची ती ‘गजरी’. ही नावे पोत्यापर्यंतच टिकतात. डाळ मिलमध्ये दाणा भरडला गेला की साल जाते आणि सालीबरोबर ओळखही जाते. मग विजय नगरातील एखाद्या मराठी घरात हळद-हिंग घालून घोटलेल्या वरणात गाडरवाड्याची तूर किती आणि नाम्पुला प्रांताची किती, हे खाणाऱ्याला सोडाच, रांधणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यात नवल काही नाही, कारण हे पीक मुळात एकच आहे. तुरीचे उगमस्थान भारतीय उपखंड मानले जाते, तिच्या जवळच्या रानटी भावंडांपैकी एक बस्तर-ओडिशाच्या जंगलपट्ट्यात आजही उगवते, आणि इथूनच ती फार जुन्या काळी समुद्रमार्गे पूर्व आफ्रिकेत गेली व तेथील मक्याच्या शेतात आंतरपीक म्हणून स्थिरावली. तेथे ती ओली असताना सोलून शिजवतात, वाळल्यावर विकतात, आणि पोर्तुगीज अमलापासून तिला ‘फेइजाव बोएर’ म्हणतात.

‘ऐन सुगीत येऊन भाव पाडते’ हा तिच्यावरचा आरोप हवामान न पाहता केलेला आहे. मोझांबिक विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तेथील पावसाळा आपल्या उलट, नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. तूर नोव्हेंबर-डिसेंबरात पेरतात आणि जुलै ते सप्टेंबर या काळात काढतात. नाकाला आणि बेइरा या बंदरांतून निघालेला माल न्हावा शेव्याला ऑगस्टनंतर, म्हणजे भारतातील जुना साठा संपत आलेला असतो आणि नवी तूर अजून शेतात फुलोऱ्यालाही आलेली नसते अशा वेळी पोहोचतो. दोन सुग्यांमधली ही खाच भरून काढणे हे त्या आयातीचे नैसर्गिक काम आहे. ती भाव पाडते तेव्हा मालाची रास गरजेपेक्षा मोठी झालेली असते आणि आयात शुल्क शून्यावर ठेवलेले असते. आणि हे दोन्ही निर्णय मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोत होत नाहीत, दिल्लीत होतात. मे २०२१ मध्ये तुरीची आयात मुक्त करण्यात आली आणि ती सवलत पुढे वर्षानुवर्षे वाढवली गेली. २०२४-२५ मध्ये निरनिराळ्या देशांतून मिळून दहा लाख टनांहून अधिक तूर देशात आली, आणि त्याच हंगामात ७,५५० रुपये हमीभाव जाहीर असलेली तूर अनेक बाजार समित्यांत त्याखाली विकली गेली. शेतकऱ्याचा संताप येथे पूर्णपणे न्याय्य आहे. फक्त त्याचा पत्ता चुकला आहे.

हा पत्ता कसा चुकतो ते २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे कोठेही दिसत नाही. सलग दोन वर्षांच्या अवर्षणानंतर २०१५ च्या अखेरीस तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली आणि सरकारची झोप उडाली. ७ जुलै २०१६ रोजी पंतप्रधानांच्या मापुतो भेटीत तूर व इतर कडधान्यांच्या दीर्घकालीन खरेदीचा करार झाला. पहिल्या वर्षी एक लाख टनांपासून सुरुवात करून २०२०-२१ पर्यंत ती दोन लाख टनांवर न्यायची असे ठरले. अशा कराराचा अर्थ नाम्पुला आणि झांबेझिया प्रांतांतील शेतकऱ्याने जो लावायचा तोच लावला, आणि अधिक तूर पेरली. इकडे त्याच वर्षी पाऊस चांगला झाला, आदल्या वर्षीच्या भावाने हुरळून भारतीय शेतकऱ्यानेही तूर वाढवली, आणि देशाचे उत्पादन सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या पुढे गेले. २०१७ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील खरेदी केंद्रांपुढे तुरीच्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, ५,०५० रुपये हमीभावाची तूर व्यापाऱ्याला मिळेल त्या भावात गेली. मग ५ ऑगस्ट २०१७ रोजी भारताने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. दोन सरकारांमधील करारांचा माल तिच्यातून वगळला होता खरा, पण मोझांबिकची तूर बव्हंशी खासगी व्यापारातून येई आणि तो व्यापार जागच्या जागी थिजला. शेंगा काढून ठेवलेल्या, पोती भरलेली, आणि गिऱ्हाईक एकच, ज्याने दार लावून घेतले. तेथील भाव कोसळले. एकाच वर्षात, एकाच पिकात, एकाच सरकारच्या दोन निर्णयांनी महासागराच्या दोन्ही काठांवरचा शेतकरी बुडाला. त्यांतील एकाने दुसऱ्याला बुडवले असे म्हणणे ही घटनाक्रमाची उलटी मांडणी आहे.

‘त्यांना खर्च नाही’ हे वाक्यही येथेच तपासून घेतले पाहिजे. मोझांबिकमधील बहुसंख्य शेतकरी एक-दोन हेक्टरचे कसणारे आहेत, मालकी कायद्याने राज्याची आणि वापराचा हक्क त्यांचा अशी तेथील जमीनव्यवस्था आहे, आणि नांगर-बैलांऐवजी आखूड दांड्याच्या कुदळीने, तीही बहुधा बाईच्या हातातली, बहुतेक मशागत होते. खत नाही, विमा नाही, हमीभाव नाही. जबलपूरला जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. त्याने भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साथीने काढलेला ‘ट्रॉम्बे जवाहर तूर’ म्हणजे टीजेटी-५०१ हा वाण मध्य प्रदेशापलीकडेही पेरला जातो. असे पाठबळ नाम्पुलाच्या शेतकऱ्याला क्वचितच लाभते. त्याचा खर्च कमी दिसतो, कारण घरच्या बाईची मजुरी कोणी मोजतच नाही. हा हिशेब मराठी वाचकाला अनोळखी असण्याचे कारण नाही. मंडल्याच्या डोंगरातल्या आणि मेळघाटातल्या शेतीचाही हिशेब आजवर असाच मांडला गेला आहे.

आता ‘निसर्गतः दरिद्री’ या विशेषणाकडे वळले पाहिजे, कारण या वादातले सर्वांत खोल रुजलेले असत्य तेच आहे. मोझांबिकचे क्षेत्रफळ सुमारे आठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून अधिक, आणि लोकसंख्या तीन कोटींहून थोडी जास्त. किनारा सुमारे अडीच हजार किलोमीटरचा. त्यावर नाकालासारखे नैसर्गिक खोल पाण्याचे बंदर, जेथे मोठी जहाजे गाळ उपसल्याशिवाय लागू शकतात. देशाला मधोमध छेदणारी झांबेझी ही आफ्रिकेतील थोरल्या नद्यांपैकी एक. तेते प्रांतात दगडी कोळसा, आणि उत्तरेला काबो देल्गादोच्या समुद्रात रोवुमा खोऱ्यातील नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे, ज्यांतील एका मोठ्या क्षेत्रात तीन भारतीय सरकारी तेल कंपन्यांचा मिळून ३० टक्के हिस्सा आहे. तेतेतील मोआतिझेचा कोळसा ज्या थरांतला आहे ते थर आणि सातपुड्यातील पेंच-कन्हानचे कोळशाचे थर एकाच प्राचीन भूखंडावर, जवळपास एकाच युगात साचले. त्या भूखंडाला भूशास्त्राने जे नाव दिले ते गोंडवन. गोंडांच्या मुलखावरून, ज्याची एक राजधानी गढा ही आज जबलपूर शहराचाच भाग आहे. साऱ्या जगाच्या पाठ्यपुस्तकांत आफ्रिका आणि भारत यांना जोडणारा शब्द ज्या मातीतून गेला, त्या मातीवर राहणाऱ्याने मोझांबिकला परका म्हणावे, हे खेदाचे आहे.

मग हा देश गरीब का? त्याचे उत्तर जमिनीपेक्षा जमिनीवर टाकलेल्या रुळांत अधिक चांगले वाचता येते. मोझांबिकच्या नकाशावर तीन प्रमुख रेल्वेमार्गांची जाळी आहेत आणि तिन्ही किनाऱ्यावरून पश्चिमेला, म्हणजे परदेशात जातात: मापुतोहून दक्षिण आफ्रिकेकडे, बेइराहून झिंबाब्वेकडे, नाकालाहून मलावीकडे. देशाचे उत्तर टोक दक्षिणेच्या राजधानीला जोडणारी एकही रेल्वे नाही. झांबेझीवर किनारी महामार्गाचा पूल कायिया येथे झाला तो २००९ साली, तोवर वाहने तराफ्यासारख्या फेरीबोटीवर चढवून पलीकडे न्यावी लागत. परिणामी नाम्पुलात मका भरपूर पिकला तरी सुमारे दोन हजार किलोमीटरवरील मापुतोला तो आणण्यापेक्षा शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतून विकत घेणे स्वस्त पडते. जबलपूरच्या वाचकाला हा मुद्दा अधिक फोड करून सांगायला नको. ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडून आलेली आणि कलकत्त्याकडून आलेली अशा दोन रेल्वे जबलपुरात जोडल्या गेल्या; त्या इंग्रजांनी स्वतःच्याच सोयीसाठी बांधल्या होत्या, वऱ्हाडचा कापूसही त्यांनीच वाहून नेला, पण निदान त्यांनी या देशाची दोन टोके एकमेकांना बांधली. मोझांबिकमधील रूळ खनिज आणि मजूर शेजारच्या गोऱ्या वसाहतींतून बंदराकडे व बंदरातून तिकडे वाहण्यासाठी टाकले गेले, आणि मधला देश त्या रुळांच्या फटीत राहिला.

मजूर हा शब्द येथे नेमक्या अर्थाने वापरला आहे. विसाव्या शतकात दक्षिण मोझांबिकमधील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींत जात राहिले, आणि १९२८ च्या करारानंतर त्यांच्या मजुरीचा काही भाग गावी परतल्यावर द्यायचा म्हणून रोखून ठेवला जाई व त्या व्यवहारातून येणाऱ्या सोन्याचा लाभ लिस्बनला होई. मध्य भागातील मनिका आणि सोफाला हे प्रदेश १८९१ पासून अर्धशतकभर एका खासगी सनदी कंपनीच्या राज्याखाली होते, जिला कर वसूल करण्याचा आणि पोलीस ठेवण्याचा अधिकार होता. उत्तरेत शेतकऱ्यावर कापूस पेरण्याची सक्ती होती. तो ठरलेल्या क्षेत्रात पेरावा लागे आणि ठरलेल्या कंपनीला ठरलेल्या भावाने द्यावा लागे, मग घरात मका असो वा नसो. चंपारणची नीळ ज्या वाचकाला शाळेत शिकवली गेली आहे त्याला ही व्यवस्था ओळखता येईल; फरक इतकाच की चंपारणची तीनकठिया पद्धत १९१८ मध्ये मोडली आणि नाम्पुलाची सक्ती १९६१ पर्यंत चालली. २५ जून १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा दहांतील नऊहून अधिक माणसे निरक्षर होती. त्यानंतर दोन वर्षांत, आधी ऱ्होडेशियाच्या आणि मग वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या मदतीने पोसलेले यादवी युद्ध सुरू झाले, ते ४ ऑक्टोबर १९९२ च्या रोम करारापर्यंत थांबले नाही, आणि त्यात सुमारे दहा लाख माणसे युद्धाने व उपासमारीने मेली. झांबेझीवरील काहोरा बास्सा धरण १९७४ मध्ये उभे राहिले, पण त्याच्या विजेचा मोठा वाटा दक्षिण आफ्रिकेला जात राहिला आणि बहुसंख्य मालकी २००७ पर्यंत पोर्तुगालकडे होती. इतके सगळे घडल्यावर दारिद्र्याचा दोष निसर्गाला देणे म्हणजे दरोडा पडलेल्या घरात मुळातच काही नव्हते असे सांगण्यासारखे आहे.

या इतिहासाची प्रतिमा एकाच ठिकाणी पाहायची तर ती देशाला नाव देणाऱ्या मोझांबिक बेटावर आहे. १८९८ पर्यंत राजधानी असलेले आणि १९९१ पासून जागतिक वारसास्थळ असलेले हे बेट जेमतेम तीन किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद आहे. उत्तरेच्या अर्ध्या भागात प्रवाळी दगड आणि चुन्याच्या भिंतींची, सपाट गच्च्यांची, कोरीव दारांची ‘दगडी वस्ती’. दक्षिणेच्या भागात माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या घरांची ‘माकुती वस्ती’, माकुती म्हणजे ते झावळ्यांचे छप्पर. माकुती वस्ती रस्त्याच्या पातळीपासून पुरुषभर खाली आहे, कारण दगडी वस्तीचा दगड तिथून खणून काढला. श्रीमंतांची घरे बांधून झाल्यावर जो खड्डा उरला त्यात कष्टकऱ्यांनी आपली घरे घातली. पावसाचे पाणी आजही त्याच खड्ड्यात उतरते.

त्या दगडी वस्तीत भारतीय हात होते, आणि येथे ‘परका’ हा शब्द पूर्ण निकालात निघतो. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. लिस्बनचा हुकूम पणजीच्या परिसरातून वळसा घेऊन तिथे पोहोचे. दीवच्या वाण्यांच्या मंडळाला १६८६ मध्ये दीव आणि मोझांबिक बेट यांच्यामधील व्यापाराची मक्तेदारी मिळाली, आणि गुजरातचे कापड देऊन हस्तिदंत व माणसे घेण्याचा व्यवहार दीर्घकाळ चालला. माणसे म्हणजे गुलाम. ते दीव, दमण आणि गोव्यातही विकले गेले. म्हापशात १८३५ मध्ये जन्मलेला मानुएल आंतोनियो द सोझा झांबेझीच्या दक्षिणेस गोरोंगोझा भागात खासगी सैन्य बाळगून पोर्तुगालसाठी मुलूख मारणारा सरदार झाला. या गोष्टी सुखद नाहीत. ‘आपण आफ्रिकेला केवळ व्यापार आणि संस्कृती दिली’ असे म्हणणारी जी दुसरी, गोड बाजू मराठी लेखनात अधूनमधून डोकावते, तिलाही या नोंदी तितक्याच आडव्या येतात.

पण गोव्याच्याच बार्देशात १९२४ मध्ये जन्मलेला आकिनो द ब्रागांझा हा पत्रकार-अभ्यासक मोझांबिकच्या मुक्तिलढ्यात उतरला, स्वातंत्र्यानंतर त्याने मापुतोतील विद्यापीठात आफ्रिकी अभ्यासकेंद्र उभारले, तो राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचा सल्लागार झाला आणि १९ ऑक्टोबर १९८६ च्या विमान अपघातात त्यांच्यासोबतच गेला. गोवा मुक्तीनंतर पोर्तुगालने आपला राग मोझांबिकमधील भारतीयांवर काढला, त्यांना छावण्यांत डांबले, मालमत्ता जप्त केल्या आणि अनेकांना हाकलून दिले. म्हणजे गोव्याच्या स्वातंत्र्याची किंमत काही अंशी मापुतो आणि बेइरातही मोजली गेली. मापुतोच्या रस्त्यावर आजही सकाळी कडधान्य वाटून तळलेली ‘बाजिया’ पावात घालून विकतात. हे खाणे परके वाटण्यासाठी दादरच्या माणसाला फार प्रयत्न करावा लागेल.

राहता राहिला उपकाराचा मुद्दा, आणि त्याला काजूने उत्तर देता येते. ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आणलेले हे झाड गोव्यात आणि मोझांबिकमध्ये सारखेच रुजले, आणि स्वातंत्र्यापूर्वी मोझांबिक हा जगातील सर्वांत मोठ्या काजू उत्पादकांपैकी एक होता. १९९० च्या दशकात जागतिक बँकेने कर्जाची अट म्हणून कच्च्या काजूबीच्या निर्यातीवरील बंधने आणि कर उतरवायला लावले. शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. प्रत्यक्षात बी जहाजात भरून भारतात, मुख्यतः केरळमधील कारखान्यांत जाऊ लागले, मोझांबिकमधील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि हजारो कामगार, ज्यांत बायकांची संख्या मोठी होती, घरी बसले. उशिरा का होईना, तो कर पुन्हा वाढवला गेला. त्या वर्षांत उपकार कोणी कोणावर केले, हे कोल्लमच्या किंवा वेंगुर्ल्याच्या काजू कारखानदाराला विचारावे. आफ्रिकी बी आले नाही तर त्याची भट्टी वर्षातून काही महिनेच पेटते.

तुरीबद्दल ज्यांना खरी चिंता आहे, मग ते विजय नगरातील गिऱ्हाईक असोत, नरसिंहपूरचे शेतकरी असोत की लातूरचे डाळ मिलवाले, त्यांनी आपला रोष मोझांबिकवर खर्च करू नये. त्यांनी दिल्लीकडे मागावे ते एवढेच, की तुरीचे आयात शुल्क आणि आयातीची मर्यादा दोन्ही देशांतील पेरणीच्या आधी जाहीर व्हावी, हंगामाच्या मध्यावर बदलू नये, आणि हमीभावाखाली उतरणाऱ्या मालावर फरकाइतके शुल्क बसावे. नर्मदाकाठी तूर जून-जुलैत पेरतात आणि नाम्पुलात नोव्हेंबर-डिसेंबरात. २०१७ चा आदेश ५ ऑगस्टला निघाला.